टोपीला हात

फोन आला तेव्हा सर शिकाऊ गाडीत होते आणि स्टिअरिंगवरच्या बेकरीवाल्या बाई डोळे मिटून गाडी मागे घेत होत्या. डोळे मिटून! सरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता म्हणून कुंपण वाचलं. ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. बाईंना वाटलं, आपणच गाडी थांबवली. त्या भलत्याच खूश झाल्या. सरांनी त्यांना तसं वाटू दिलं, ते सगळ्यांनाच तसं वाटू देत, आणि फोन कानाला लावला.

"मी निवड चाचणीची प्रशिक्षक बोलतेय," पलीकडून आवाज आला. "एक नवीन नियम सगळ्यांच्या घरी स्वतः कळवतेय. या वेळी पालकांना मैदानात मुलींबरोबर फिरता येणार नाही. क्लबच्या गच्चीवर बसायचं, बस्स. मुलीला आजच सांगून ठेवा. काहींना आईवडील डोळ्यांसमोर लागतात, त्यांना दोन आठवडे तरी सवय करायला मिळावी."

"हो हो, सांगतो की," सर म्हणाले. "आजच सांगतो."

आणि नाही सांगितलं. पुढचं सगळं रामायण त्या एका न सांगण्यातून झालं. माणूस काही दुष्ट नव्हता हो. पण दुष्ट नसलेली माणसंच असले घोटाळे करून ठेवतात, दुष्टांना तेवढी माया कुठली!

मुलगी एकुलती एक. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. घरीदारी ती भिंगरी, कारण लहानपणी ती एका जागी म्हणून टिकायची नाही. आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर, ती संध्याकाळी उशिरा सुटायची. म्हणून शाळा सुटली की भिंगरी बापाच्या शिकाऊ गाडीत मागच्या सीटवर. सर रिव्हर्स शिकवायला गावाबाहेरच्या एका शांत रस्त्यावर जात. रस्त्याच्या एका बाजूला ओसाड रान, दुसऱ्या बाजूला कुंपण, आणि कुंपणापलीकडे गोल्फचं सार्वजनिक मैदान. अधूनमधून पांढरा चेंडू टप्पा घेत रस्त्यावर येई. भिंगरी दार उघडून धावे, चेंडू उचलून कुंपणावरून परत भिरकावी. एके दिवशी पलीकडचा माणूस म्हणाला, "अगं, हातानं फेकतेस एवढं लांब, तर काठीनं मारून बघ की!"

झालं. पोरगी आत गेली ती बाहेर यायलाच तयार होईना. सर तिला आणायला आत गेले आणि तेही अडकले. गोल्फ ते बघून बघून शिकले, आणि शिकवायला लागले ते मात्र दुसऱ्याच दिवसापासून. शिकवायची खोडच होती त्यांना. बायकोलासुद्धा चहा कसा ओतायचा ते शिकवायचे, आणि बोलणी खायचे.

भिंगरीच्या हातात जादू होती. पण थारा नव्हता. एक फटका असा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं; दुसरा थेट शेजारच्या काकांच्या पाण्याच्या बाटलीवर. चेंडू ठेवला की हाणला, ठेवला की हाणला. सरांना नेमकं काय चुकतंय ते कळलं, कारण त्यांच्या गाडीतही हेच व्हायचं. गाडी काय नि गोल्फ काय, चालू करण्याच्या आधीचं जे असतं तेच खरं, असं त्यांचं ठाम मत. शिकाऊ माणूस गाडीत बसला की सर पाढा म्हणून घेत: सीट, आरसा, पट्टा, न्यूट्रल, श्वास, मग किल्ली. एक जरी चुकलं तरी खाली उतरायचं, दार लावायचं, पुन्हा पहिल्यापासून. लोक वैतागत, पण परीक्षेत पास होत.

तसाच पाढा त्यांनी भिंगरीसाठी रचला. आधी चेंडूच्या मागे उभं राहायचं. जायचंय कुठे, ते लांबचं झाड बघायचं. मग त्याच रेषेत चेंडूच्या पुढ्यातलं एखादं पान नाहीतर खडा मनात धरायचा. काठी एकदा हवेत फिरवायची. चेंडूशी पाय जुळवायचे. श्वास सोडायचा. आणि मारायचं.

पोरीनं सगळं केलं, पण श्वास सोडायच्या आधीच काठी सुटायची. तेव्हा सरांनी शेवटी एक पाचर मारली. "श्वास सोडला की माझ्याकडे बघायचं," ते म्हणाले. "मी टोपीला हात लावला की मारायचं. लावेपर्यंत नाही."

जादूची कांडी फिरावी तसं झालं. पोरगी थांबायला शिकली. चेंडू सुतासारखा सरळ जायला लागला. सरांनी मनाशी ठरवलं होतं की महिनाभरानं हे टोपीचं बंद करायचं. हाड जुळेपर्यंत प्लॅस्टर ठेवतात ना, तसं. पण महिना गेला, वर्ष गेलं, भिंगरी उंचीला बापाच्या खांद्याला लागली, स्पर्धा जिंकायला लागली, आणि प्लॅस्टर आपलं जागच्या जागी.

का काढलं नाही? अहो, गोड वाटायचं त्यांना! गावभर परक्यांच्या पोरांना शिकवून घसा बसलेला माणूस. घरात कोणी ऐकत नाही. आणि इथे भर मैदानात, चार माणसांसमोर, एवढी गुणी पोर मान वळवून त्यांच्याकडे बघते आणि त्यांनी टोपीला हात लावल्याशिवाय चेंडू मारत नाही. स्पर्धेत होलमागून होल, म्हणजे चेंडू घालायच्या एकेका भोकापर्यंतचा टप्पा, सर दोरीच्या कडेकडेनं तिच्याबरोबर चालायचे. नियमाचं विचाराल तर त्यांचं उत्तर तयार असायचं: मी कुठे तिला काही सांगतो? माणसानं स्वतःच्या टोपीला हात लावायचा नाही की काय?

एकदा तर त्यांनी कहरच केला. दुसऱ्या मुलींचे वडील शेजारी उभे होते. भिंगरीनं श्वास सोडला, वळून बघितलं, आणि सरांनी मुद्दाम हात लावला नाही. क्षणभर. नुसतं दाखवायला, की बघा, कशी थांबते. पोरगी थांबली. काठी धरलेली, मान वळवलेली, डोळे बापाच्या हाताकडे. मग त्यांनी टोपीला हात लावला. शेजारचे वडील म्हणाले, "कमाल आहे बुवा तुमची!" त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही. बायकोला त्यांनी पित्ताचं कारण सांगितलं.

पण एक गोष्ट त्यांनी चोख शिकवली होती, ती सांगायलाच हवी, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. "या खेळात शिट्टी मारणारा कोणी मागे फिरत नाही," असं ते तिला पहिल्या दिवसापासून सांगत. "आपली चूक आपणच सांगायची. कोणी बघितली नसेल तर आधी सांगायची." लहान असताना एकदा गवतात काठी लागून तिचा चेंडू जरासा हलला होता. कोणाच्या बापाला दिसलं नव्हतं, तिच्यासुद्धा. तिनं हात वर करून सांगितलं आणि एक फटका दंड घेतला. सर आल्यागेल्याला ती गोष्ट सांगत सुटले होते, जणू त्यांनाच बक्षीस मिळालं होतं.

तर आता ही निवड चाचणी. दुसऱ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात एकच जागा रिकामी. राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिथेच. भिंगरीला अठरा पूर्ण झालेली. पुढच्या वर्षी वयात बसणार की नाही याचीही धाकधूक. भाग्यानं चाचणी तिच्याच मैदानावर होती. पोरीनं सगळा जीव त्या एका दिवसावर टांगला होता.

फोनच्या संध्याकाळी सर सांगणारच होते. टेबलावर ताटं मांडताना शब्द अगदी जिभेवर आला. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "बाबा, बाराव्या होलला तुम्ही त्या चिंचोळ्या वाटेवर उभे राहा हं, झाडामागे नको. मागच्या वेळी दिसला नाहीत मला पटकन."

"राहतो," सर म्हणाले, आणि शब्द गिळला.

"दुपारी फोन कोणाचा होता?" बायकोनं विचारलं. "लागत नव्हता तुमचा."

"त्या चाचणीच्या बाई. वेळ कळवायला."

अर्धं खरं बोललं की माणसाला वाटतं, आपण खोटं बोललोच नाही. सर दुसऱ्या दिवशी सांगणार होते. दुसऱ्या दिवशी तिचा सराव इतका झकास झाला की मोडता घालवेना. तिसऱ्या दिवशी वाईट झाला, मग तर कसं सांगणार? आधीच खचलेली पोर. असं करता करता आठवडा उलटला, आणि मग वेगळीच पंचाईत: आता सांगितलं तर ती विचारणार, इतके दिवस का गप्प होतात? रोज मैदानात ती वळून बघायची, सर टोपीला हात लावायचे. टोपी म्हणजे निखारा झाली होती. तरी हात जायचाच.

बायको मात्र शहाणी. एका रात्री चष्मा पुसता पुसता ती म्हणाली, "अहो, तुम्ही आजारी पडलात तर काय करेल हो ही? मागे तुम्हाला ताप होता, तेव्हा मी गेले होते मैदानात. म्हटलं, मी हलवते मान. तर म्हणे, आई, तू नको, मला हसू येतं. आणि एक चेंडू धड मारता आला नाही तिला."

"मी कशाला आजारी पडतोय?"

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला आजारी पडायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत तुम्ही."

तेव्हा तरी बोलावं की नाही! पण सर मूग गिळून बसले. कारण आत कुठेतरी त्यांनी एक तोड काढून ठेवली होती, आणि ती त्यांना चांगलीच ठाऊक होती. आपला रिव्हर्सचा रस्ता. सातव्या होलपाशी कुंपणाची झुडपं विरळ होती. तिथून मैदान दिसतं आणि मैदानातून माणूस दिसतो. एवढी वर्षं त्याच जागेवरून भिंगरीनं चेंडू परत टाकले होते. ती तिकडे बघेलच.

चाचणीच्या सकाळी प्रशिक्षक बाई सगळ्यांना घेऊन पहिल्या टीपाशी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभ्या राहिल्या. उंच, काटक, गळ्यात शिट्टी; कधी वाजवली नाही, पण असायची. सरांनी मनातल्या मनात त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवून टाकलं.

"पालकांनी आता गच्चीवर जायचं," बाई म्हणाल्या. "मुलींनो, बाहेरच्या माणसाचा आवाज, खूण, इशारा, काहीही घेतलं तर दोन फटके दंड. स्पष्ट आहे?"

भिंगरीचा चेहरा पडला. तिनं वळून बापाकडे बघितलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही नाही येणार बरोबर? तुम्हाला माहीत होतं हे?"

आता तरी! अहो, एक अक्षर. 'हो' म्हणायचं होतं. ती चिडली असती, रडली असती, पण निदान बाप खरा राहिला असता.

"नाही गं," सर म्हणाले. "मलाही आत्ताच कळतंय. असे कसे हे लोक, ऐनवेळी सांगतात!"

भिंगरीनं एकदा शिट्टीबाईंकडे पाहिलं, एकदा बापाकडे. "बरं," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून गेली.

सर गच्चीवर जेमतेम चहा संपेपर्यंत बसले. खुर्ची टोचत होती म्हणा ना. पहिल्या होलवरून बातमी आली ती वाईट, दुसऱ्यावरून त्याहून वाईट. बाकीचे पालक आपापल्या मुलींबद्दल बोलत होते, आणि सरांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. "गाडी जरा सावलीत लावून येतो," असं कोणीही न विचारता सगळ्यांना सांगून ते उठले.

गाडी सावलीतच होती. ते ती घेऊन निघाले आणि रिव्हर्सच्या रस्त्यावर विरळ झुडपांपाशी येऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळानं भिंगरी सातव्या होलला आली. तिच्याबरोबर गुण लिहिणारे एक टकले गृहस्थ होते आणि जरा मागे छोट्या विजेच्या गाडीत शिट्टीबाई. सहा होल तिनं कसेबसे निभावले होते, हे तिच्या खांद्यांवरूनच सरांना कळलं. चेंडू गवताच्या कडेला होता. समोर ओढा, पलीकडे हिरवळ आणि झेंडा.

भिंगरी चेंडूच्या मागे उभी राहिली. लांबचं झाड बघितलं. जवळचं काहीतरी धरलं. काठी हवेत फिरवली. पाय जुळवले. श्वास सोडला. आणि मान वळवली, जिथे बाप असायचा तिथे. तिथे कोणी नव्हतं. ती तशीच उभी राहिली, मग चेंडूपासून बाजूला झाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. झाड, पान, काठी, पाय, श्वास. मान वळली. कोणी नाही. पुन्हा बाजूला. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसा तिचा प्रत्येक वेळी तोल जात होता. टकल्या गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. भिंगरीनं मान हलवली. हातमोज्यानं डोळे पुसले.

हे मी केलं, सरांना वाटलं. हे दुसऱ्या कोणी नाही केलं. ओढा काय, झेंडा काय, पोरीला सगळं येतंय. मीच तिच्या पाढ्यात स्वतःला घुसवून बसलोय. निघ इथून. गाडीत बस आणि निघ, तिला उभं राहू दे, कधी ना कधी मारेलच.

भिंगरीनं तिसऱ्यांदा श्वास सोडला. मान वळली, आणि या वेळी आणखी वळली. कुंपणाकडे. झुडपांच्या त्या फटीकडे.

सरांचा हात आपोआप टोपीला गेला. आपोआप म्हणे! हात काय परस्पर जातो? नेला तेव्हा गेला.

काठी फिरली. असा आवाज आला, स्वच्छ, की सरांचे डोळेच मिटले. उघडले तेव्हा चेंडू ओढ्यावरून जाऊन हिरवळीवर पडला होता आणि घरंगळत झेंड्याजवळ हातभरावर थांबला होता. सरांनी त्या रस्त्यावर, भल्या दिवसा, चक्क उडी मारली.

भिंगरी चेंडूकडे बघतच नव्हती. तिनं काठी खाली ठेवली होती आणि हात वर केला होता. टकले गृहस्थ तिच्याजवळ गेले. शिट्टीबाई गाडीतून उतरल्या. भिंगरी काही बोलली आणि मग तिनं बोट दाखवलं. कुंपणाकडे. तिघंही वळून बघायला लागले आणि सर टोपी धरून तसेच उभे. ऐकू काही येत नव्हतं. पण शिट्टीबाईंनी दोन बोटं वर केली आणि गृहस्थांनी कार्डावर लिहिलं, ते दिसलं.

मग सर झुडपामागे खाली बसले. चक्क लपले. जो माणूस तिला सांगत आला होता, की कोणी बघितलं नसेल तर आधी सांगायचं, तो गुडघ्यात मान घालून कुंपणामागे बसला होता, आणि त्याची पोर पलीकडे त्याची चूक स्वतःच्या नावावर लिहून घेत होती. शरमेनं त्यांचे कान तापले. कोणीतरी येऊन दोन थोबाडीत माराव्यात, असं त्यांना मनापासून वाटलं. कोणी आलं नाही.

ते गच्चीवर परतले. शेवटचा होल तिथूनच दिसायचा. भिंगरी आली, ती वेगळीच चालत आली. सावकाश. चेंडूच्या मागे उभी राहिली, झाड बघितलं, काठी फिरवली, पाय जुळवले, श्वास सोडला. आता वळेल. गच्चीवर मी आहे, हे तिला माहीत आहे.

ती वळली नाही. तिचे ओठ हलले, काहीतरी पुटपुटली, आणि मारलं. चेंडू सरळ गेला. पुढच्या फटक्यालाही तसंच. आणि त्याच्या पुढच्यालाही. गच्चीवर लोक टाळ्या वाजवत होते. सरांनी हात खिशात घातले, कारण त्यांचं त्यांना कळेना, हातांचं करायचं काय.

जागा एका फटक्यानं गेली. एकाच. ते दोन नसते तर भिंगरीच निवडली गेली असती, हा हिशेब गच्चीवरच्या प्रत्येकानं मनात केला आणि कोणीही बोलून दाखवला नाही. निवडलेल्या मुलीची आई रडत होती. भिंगरीनं जाऊन त्या मुलीशी हात मिळवला.

शिट्टीबाई सरांजवळ आल्या. त्या फोनबद्दल बोलतील म्हणून सर मान खाली घालून तयारच होते. बाई फोनबद्दल काही बोलल्या नाहीत.

"सातव्या होलनंतर तुमच्या मुलीइतकं चांगलं आज कोणी खेळलं नाही," त्या म्हणाल्या. "वयाची अट महिना-दोन महिन्यांनी चुकतेय. मी शब्द टाकून बघते, पण खात्री देत नाही. जमलं तर पुढच्या वर्षी पाठवा." मग त्यांनी म्हटलं, "पाठवा. घेऊन येऊ नका."

बायकोचा फोन आला तेव्हा सर गाडीपाशी होते. "थोडक्यात हुकलं," ते म्हणाले.

"अरेरे! कशानं?"

"माझ्यामुळे," सर म्हणाले, आणि फोन ठेवला.

भिंगरीनं पिशवी मागे टाकली आणि किल्लीसाठी हात पुढे केला. शिकाऊ परवाना तिला नुकताच मिळाला होता. सर निमूट शेजारी बसले. तिनं सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, पट्टा लावला, गिअर हलवून बघितला, श्वास सोडला आणि किल्ली फिरवली. पाढा सगळा बरोबर. सरांचा पाय सवयीनं आपल्या ब्रेकवर गेला.

मैदानाचं फाटक मागे पडलं.

"शेवटी शेवटी पुटपुटत काय होतीस?" सरांनी विचारलं.

"'मार' म्हणत होते. मीच मला."

"भिंगरे, तो फोन... मला माहीत होतं गं. दोन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं त्यांनी. मी तुला..."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"सकाळी तुम्ही गच्चीवर गेल्यावर बाईंनी मला विचारलं. म्हणाल्या, तुझ्या बाबांना मी फोन केला होता, त्यांनी तुला सांगितलं ना?"

"मग? तू काय म्हणालीस?"

भिंगरी समोर रस्त्याकडे बघत होती. "हो म्हटलं. म्हटलं, बाबांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, माझ्याच लक्षात राहिलं नाही." तिचा आवाज एकदम चिरकला. "टोपीचं सांगितलं मी सगळ्यांना. हे नाही सांगितलं. कुणीच बघितलं नव्हतं, बाबा, आणि तरी नाही सांगितलं."

सरांना रडू फुटलं. मोठ्या माणसाला फुटू नये तसं, नाकातोंडातून. त्यांना म्हणायचं होतं, की तो तुझा खोटेपणा नाही गं, तो माझा आहे, माझ्या नावावर लिही.

पुढे चौकात दिवा लाल झाला. गाडी हिसका देऊन थांबली आणि दोघंही पुढे झुकले.

"मी दाबला होता ब्रेक," भिंगरी म्हणाली. "तुम्ही पण दाबलात."

"हो."

"बाबा, उद्यापासून सरावाला मी एकटी जाईन."

"जा," सर म्हणाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ब्रेकवरचा पाय उचलला आणि दोन्ही पाय मागे, सीटखाली घेऊन तिथेच घट्ट धरून ठेवले.

दिवा हिरवा झाला. भिंगरीनं आरशात बघितलं, श्वास सोडला, आणि त्यांच्याकडे न बघता गाडी पुढे काढली.